टाकीला विरजण

...हो, मारलं. मी कुठं नाही म्हणतेय? जाळीच्या दांड्यानं मारलं, पाठीत मारलं, आणि दोनदा मारलं. तिसरा वार माझा नव्हे, तो पहिलवानाचा, त्याचं पाप माझ्या माथी नको. बसा वहिनी, बसा... त्या खुर्चीवर नको, तिच्या गादीत काच आहे. भाऊ, तुम्ही चपला घालूनच या आत, आज आमच्या घरात अनवाणी फिरायची सोय नाही, ही माझी टाच बघा, एवढी कापलीये. काल तुम्ही दार बडवत होतात ते ऐकलं मी, पण उघडणार कशी, दोन्ही हातांत काचा होत्या. तुमच्या छतातून पाणी गळलं, मान्य. आरडाओरडा ऐकून तुम्हाला वाटलं वर कुणाचा तरी मुडदा पडला, तेही जवळजवळ मान्य. पण तुम्हाला सांगते, आधी सगळं ऐका आणि मग ठरवा मारायला हवं होतं की नको. मला विचाराल तर कमीच मारलं.

याची सुरुवात माझ्या बाबांपासून. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तीन आठवडे माझ्या भावाकडे जायचं ठरलं. बाबा एकटे राहतात, आई गेल्यापासून, आणि बोलतात फक्त एकाशी. पहिलवानाशी. पहिलवान म्हणजे मासा. वीतभर लांब, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, आणि बघतो असा की जणू तुम्ही त्याची जमीन बळकावलीत! सात वर्षांचा झाला. बाबांनी त्याला आजवर चार सोबती आणून दिले, चारही मारले त्यानं. एकाचे डोळे फोडले, एकाचं शेपूट सोलून काढलं, तिसरा नुसत्या धाकानं गेला आणि चौथा अर्धाच सापडला. बाबा म्हणतात, "एकटं राहायची सवय झालीय गं त्याला, आता कुणी नको वाटतं." आता हे कुणाबद्दल चाललंय ते मला कळत नाही का? तीनदा म्हटलं मी, बाबा, आमच्याकडे या राहायला. तर म्हणे, "छे छे, तुझे ते फिनेलराव मला रोज उकळतील."

फिनेलराव म्हणजे आमचे हे.

यांचं काम तुम्हाला माहीतच आहे. इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं येतात ना, रक्तामांसानं माखलेली, कात्र्या, चिमटे, करवती... ती धुवायची, वाफेच्या मशीनमध्ये कोंबायची आणि त्यांच्यावरचा जंतू न् जंतू ठार करायचा. सत्तावीस वर्षं हेच. घरी आले तरी हात शांत नाहीत, भाजीचा चाकू उकळतील, कंगवे उकळतील, माझी नवी कर्णफुलं उकळली, तर ती विरघळली. आणि बोलणं कसं, तर "एकसुद्धा जिवंत सोडायचा नाही", "मुळासकट संपवला", "आतपर्यंत घुसून मारला"... लग्नानंतर पहिल्यांदा यांचं फोनवरचं बोलणं ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझ्या बापानं मला कुठल्या टोळीत दिलं?

तर टाकी टेम्पोतून आली. चार फुटांची, दोनशे लिटरची. बाबांनी स्वतः मांडली, जुनं पाणी पिंपातून आणलं होतं ते ओतलं, फिल्टर लावला. त्या फिल्टरमधला स्पंज असा चॉकलेटी, बुळबुळीत, की जेवणाआधी बघू नये. बाबा म्हणाले, "फिनेलराव, बाकी काय वाटेल ते करा, या स्पंजाला हात लावू नका. फारच तुंबला तर टाकीतल्याच पाण्यात हलका पिळा, नळाखाली धरायचा नाही." हे गालातल्या गालात हसले. मग बाबांनी मला दाराशी घेतलं, एका डोळ्याला पट्टी बांधल्यासारखा हात धरलेला, उजेड सोसवत नव्हता ना त्यांना, आणि म्हणाले, "बाई, त्याचा जीव सांभाळ. माझ्याशी बोलायला दुसरं आहे कोण?" आणि इकडे बाबा जिना उतरून टेम्पोपर्यंत पोचले नसतील तर हे म्हणतात, "ऐकलंस? घाणीनं घाण धुवायची म्हणे. सात वर्षांचे जंतू आहेत त्यात. सात वर्षांचे." आणि डोळ्यांत जी काय चमक आली... मी तेव्हाच घाबरले.

दोन आठवडे पहारा दिला मी त्या स्पंजावर. दोन आठवडे! शेवटी माणूस बाजारात जाणार की नाही? गेल्या रविवारी दीड तास बाहेर गेले, परत येते तर न्हाणीघरात कत्तलखाना. पहिलवान बादलीत कोंबलेला, बादलीवर ताट, ताटावर वरवंटा. स्पंज उकळत्या पाण्यात. टाकीतले दगड उकळत्या पाण्यात. मग इस्पितळातलं ते जंतू मारायचं निळं औषध, मग पुन्हा उकळतं पाणी, मग कडक ऊन. टाकी आतून घासलेली, पुसलेली, पाणी सगळं नवं. आणि हे मधोमध उभे, बाह्या वर, घामाघूम, लढाई जिंकल्यासारखे. "संपवले," म्हणाले, "कोट्यवधी होते. एक वाचला नाही." मी काही बोलायच्या आत मला टाकीसमोर नेऊन उभं केलं. "पाणी बघ. तुझ्या बाबांनी सात वर्षांत पाहिलं नसेल असं पाणी आहे."

आणि खोटं कशाला बोलू, पाणी होतं आरशासारखं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी पहिलवान वर येऊन हवा गिळायला लागला, असा, तोंडाचा चंबू करून. मी म्हटलं, अहो, याला काहीतरी होतंय. हे म्हणाले, "गाणं म्हणतोय." गुरुवारी तो काचेवर धडका मारायला लागला. धाड... जरा थांबायचा, मागं जायचा, पुन्हा धाड. मी इथं कपड्यांच्या घड्या घालत बसायचे आणि दर धडकेला माझ्या हातातली घडी सुटायची. खवले गळले त्याचे. कल्ले असे लाल झाले की कुणी आतून खरवडलेत. जन्मभर दुसऱ्यांना मारत आला, आता मारायला कुणी दिसेना तेव्हा स्वतःलाच मारत होता बिचारा. यांचं काय? "व्यायाम आहे तो. उगाच पहिलवान म्हणतात का त्याला?" मी म्हटलं, पाणी तरी बदला. "कशाला बदलायचं? काय वाईट आहे त्या पाण्यात? बघ की, आरशासारखं आहे."

आता यातली गंमत ऐका. म्हणजे गंमत नाहीच ती, पण ऐका. बाबांनी एक डबी देऊन ठेवली होती, त्यात काचेची नळी आणि दोन छोट्या बाटल्या. नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, दोन्ही बाटल्यांतले थेंब टाकायचे, आणि रंग बघायचा, की पाण्यात अमोनिया किती झालाय. सोबत रंगांचा एक कागद. तो कागद यांनी उघडलासुद्धा नाही. "मला? मला तपासणी शिकवणार?" आणि शास्त्रशुद्ध पद्धतीनं, हात धुऊन, थेंब मोजून, घड्याळ लावून परीक्षा घेतली. पाणी पिवळं झालं आणि पिवळ्याचं झालं हिरवं. हे खूश. "पास," म्हणाले. मी विचारलं, हिरवं म्हणजे पास कशावरून? तर मला खुर्चीत बसवून सांगितलं. यांच्याकडे हत्यारांच्या पुडक्यावर एक पट्टी चिकटवतात. आत वाफ नीट पोचली की पट्टीवर काळे पट्टे उठतात. पट्टे उठले की पुडकं पास, पट्टी कोरी राहिली की पुडकं परत मशीनमध्ये. "सत्तावीस वर्षं बघतोय. रंग बदलला म्हणजे काम झालं. पिवळंच्या पिवळं राहिलं असतं तर गडबड होती."

शुक्रवारी आणखी गडद हिरवं झालं. हे म्हणाले, "कालच्यापेक्षा पक्कं पास."

पहिलवान तोवर आडवा पडायला लागला होता. एका अंगावर. डोळा माझ्याकडे. आणि मंगळवारी बाबा येणार, टाकी घेऊन जायला... मी त्यांना काय दाखवणार होते, यांचं पास झालेलं पाणी? माझ्या डोक्यात काय काय यायला लागलं सांगू नये, पण वरवंटा त्यात होता.

काल दुपारी हे कामावर, मी बाबांच्या त्या माशांच्या दुकानवाल्याला फोन लावला. त्याच्याकडे मागं मोटर घरघरतेय, एक शब्द ऐकू येतोय, दुसरा नाही. "ताई, मोठ्यानं बोला. पाणी पिवळं की हिरवं?" म्हटलं, हिरवं. "किती हिरवं?" म्हटलं, शेवाळासारखं. "अरे देवा. स्पंज धुतलात का?" म्हटलं, उकळला. वहिनी, त्यानं मोटरच बंद केली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, त्यानं तुमचं काय वाकडं केलं होतं?"

मग त्यानं समजावलं. म्हणाला, मासा त्याच टाकीत खातो आणि त्याच टाकीत घाण करतो, त्या घाणीचा होतो अमोनिया. तो डोळ्यांना दिसत नाही. तुम्हाला पाणी आरशासारखं दिसतं आणि मासा त्यात जिवंतपणी भाजत असतो, कल्ल्यांपासून आतपर्यंत. त्या अमोनियाला खाऊन टाकणारे जंतू स्पंजात वस्ती करून असतात. "तुम्ही त्यांची वस्तीच्या वस्ती कापून काढलीत, ताई. आता असं करा, अर्धं पाणी बदला, पण थेट नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं, भरून ठेवलेलं घ्या, त्याला खायला काही देऊ नका, आणि कुणाकडे चालू असेल त्यांच्याकडून जरा विरजण मागून आणा आणि टाकीला लावा. ताजं पाहिजे. आजच." आणि मोटर घरघरली, फोन कट.

आता तुम्ही सांगा. विरजण म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? भाऊ, तुम्ही हसू नका, तुमच्याच घरून आणलं मी ते! वहिनी, मी वाटी घेऊन आले ना खाली? तुम्ही विचारलंत, "एवढं? किती दुधाला लावताय?" मी म्हटलं, दोनशे लिटर आहे. तुम्ही "बरं" म्हणालात आणि दिलंत! कुणी शेजारीण असं नुसतं "बरं" म्हणते का हो? एक प्रश्न विचारला असतात तर आज तुमचं छत कोरडं असतं.

पण माझा हिशेब सरळ होता. जंतू मेलेत, जंतू घालायचेत, चांगले जंतू कशात असतात, तर दह्यात, हे शाळेतलं पोरही सांगेल. अर्धं पाणी बदललं, तेव्हा पहिलवान जरा सरळ झाला. मला धीर आला. मग ते वाटीभर विरजण मी टाकीत घातलं आणि डावानं छान ढवळलं. झाकण ठेवून वर उबेसाठी चादर गुंडाळली. आनंदावर विरजण पडतं हे ऐकून होते, पण मी तर चमच्यानं खरवडून घातलं. पाच वाजता चादर, झाकण काढलं तर आत सगळं पांढरं. पहिलवान दिसेना. मग त्या पांढऱ्यातून एकदम त्याचं तोंड आलं काचेशी, उघडं, आणि परत आत गेलं. मी किंचाळले. वास तर असा...

आणि नेमके तेव्हाच हे आले.

हातात इस्पितळातल्या निळ्या औषधाचा नवा डबा, पाच लिटरचा. टाकीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "आरशासारखं पाणी होतं," म्हणाले, "त्याचं काय केलंस?" मी म्हटलं, विरजण लावलं. "काय?" म्हटलं, जंतू घातले. मुद्दाम. तुम्ही मारलेत म्हणून. वहिनी, तो चेहरा मी जन्मात विसरायची नाही. "जंतू," म्हणाले, "माझ्या घरात. वाटीनं." आणि डब्याचं झाकण उघडून थेट टाकीवर आडवा करायला लागले, म्हणे आता आतबाहेर संपवतो सगळं.

अहो, आत मासा होता ना! माझ्या हाताला मासे धरायची जाळी लागली, दांडा फिरवला तो पाठीत बसला. ते म्हणाले, "अगं, आई गं!" डबा सोडेनात. दुसरा मारला. मी त्यांचा सदरा मागं खेचतेय, ते डबा पुढं ओढतायत, निळं औषध माझ्या पायावर, त्यांच्या पायावर, एक थेंब टाकीत गेला नाही हे नशीब, मी ओरडतेय "खुनी, खुनी", ते ओरडतायत "अडाणी, अडाणी"... तुम्ही खाली ऐकलंत ते हेच. आणि त्या गोंधळात यांचा अंगठा गेला टाकीच्या काठावरून आत. तो मरायला टेकलेला मासा, वहिनी, ज्याला सरळ पोहता येत नव्हतं, तो त्या पांढऱ्यातून असा उसळून वर आला आणि त्यानं अंगठा धरला. धरला तो सोडेना. यांनी हिसडा मारला, डब्यासकट कोपर काचेवर बसलं, कड्... एक रेघ उमटली वरपासून खालपर्यंत. एक क्षण काहीच झालं नाही. आम्ही दोघं त्या रेघेकडे बघतोय. आणि मग दोनशे लिटर घरात.

खुर्ची वाहत गेली. काचा भिंतीपर्यंत. माझी टाच तेव्हाच कापली, रक्त, औषध, दही, सगळं एक झालं. आणि मधोमध पहिलवान फरशीवर उड्या मारतोय, काचांवर, थाड थाड. मला जागचं हलता येईना. तर हे... हे गुडघ्यांवर बसले. काचेत. त्या रक्ताळलेल्या हातांनी त्याला उचललं, छातीशी धरलं आणि धावले न्हाणीघराकडे, नळाकडे. मी ओरडले, "नळाचं नको, मरेल तो!" मग ते गॅलरीत. गॅलरीत माझं कुंड्यांचं पिंप आहे, त्यात तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी साठवते मी, आत हिरवं शेवाळ, गोगलगायी, तळाशी काय आहे ते मीही बघत नाही. चार वर्षं मागं लागलेत हे, ते फेकून दे म्हणून. त्या पिंपासमोर माणूस थांबला हो. हातात मासा तडफडतोय आणि माणूस थांबलाय. सत्तावीस वर्षं ना... मला दिसत होतं, हात पुढं जातायत आणि मन मागं. मग डोळे मिटले आणि सोडला. आणि तिथंच खाली बसले, ओल्या कपड्यांत. रडत होते. "म्हातारा एकटा आहे गं," म्हणाले, "मंगळवारी त्याला मी काय तोंड दाखवू?"

तेव्हा कळलं मला, की या माणसानं तो स्पंज सासऱ्याला खूश करायला धुतला होता. मारलं याचं जरा वाईट वाटलं. जरा.

जगला ना. त्या घाणेरड्या पिंपात जगला! आज सकाळी दुकानवाला स्वतः आला, हवेचं यंत्र घेऊन, आणि पिशवीत एक काळा, घाणेरडा स्पंजाचा तुकडा. म्हणतो, "ताई, हे विरजण. चालू टाकीतला जुना स्पंज. वीस वर्षं मी सगळ्यांना विरजणच म्हणत आलोय, कुणी दही नाही घातलं." नवी टाकी दुपारी येतेय, इथंच लागेल. तो काळा तुकडा त्यात राहील, नवा स्पंज त्याच्या सोबतीनं पुरता मुरायला सहा आठवडे, तोवर टाकी हलवायची नाही, मासा हलवायचा नाही, आणि माहीतगार माणसानं रोज नजर ठेवायची.

आत्ता, तुम्ही यायच्या आधी, बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं. उकळणं सांगितलं, दही सांगितलं, मारामारी सांगितली. मला वाटलं, आता फोन ठेवतात. मी म्हटलं, बाबा, जिवंत आहे, चावतोय, पण इथून हलवता येणार नाही, नवी टाकी मुरेपर्यंत कुणीतरी जाणतं माणूस इथं राहायला हवं. तर म्हणाले, "किती दिवस?" इतक्या पटकन म्हणाले, वहिनी... पोरं विचारतात ना, सुट्टी किती दिवस, तसं. मी म्हटलं, "आठ आठवडे." तर म्हणतात, "बॅग भरलेलीच आहे."

फोन ठेवला तर मागं हे उभे, अंगठ्याला एवढं बँडेज. "आठ? तो तर सहा म्हणाला होता."

म्हटलं, सहा त्याचे. मध्ये एकदा तुम्ही धुणारच, त्याचे दोन धरले.